वजन उतरवताना फळं-भाज्यांच्या कॅलरी धरायच्या की सोडून द्यायच्या?

कोरा_कागद

विषय किरकोळ वाटेल, पण आमच्या घरात यावरून रोज वाजतंय, म्हणून धागा काढतेय.

वजन कमी करायचं ठरवल्यापासून खाल्लेलं सगळं फोनवर नोंदवते. वय, उंची, वजन, हालचाल बघून ॲपने दिवसाला १४०० कॅलरी दिल्यात. आहे ते वजन टिकवायला साधारण १८०० लागतात असं त्याचंच म्हणणं. म्हणजे रोजची तूट ४००. आता कालची नोंद बघा: दोन मध्यम केळी २१०, एक सफरचंद ९५, दीडशे ग्रॅम द्राक्षं १०४. चारशे नऊ फळांतच गेल्या. काकडी, टोमॅटो, पालक, फ्लॉवर मिळून ९०. बाकीचं खाणं धरून रात्री जेवायला बसले तर ॲप म्हणतंय १८१ शिल्लक. आता उपाशी झोपायचं की लाल आकड्याकडे बघत जेवायचं?

नवऱ्याचं म्हणणं, "फळं खाऊन आजवर कोणी जाड झालंय का? आणि काकडी काट्यावर ठेवणारी बाई मी पहिल्यांदाच बघतोय." बहीण म्हणते, कॅलरी ती कॅलरी, केळ्यातली असो नाहीतर केकमधली. दोघंही अगदी ठामपणे बोलतात आणि दोघांनीही जन्मात कधी वजन उतरवलेलं नाही.

तुम्ही काय करता? सगळं धरता, काहीच धरत नाही, की मधलं काही?

निवांत

काहीच धरत नाही. काकडी मोजायची वेळ आली तर वाढलेलं वजन परवडलं.

दुपारची_झोप

+१. काकडीत ९५ टक्के पाणी. मोजून काय पाणी मोजायचं?

गणिती_किडा

तुमच्याच आकड्यांवर बोलू या. रोजची तूट ४००, फळं ४०९. म्हणजे "फळं धरायची नाहीत" असं ठरवून बाकीचं पूर्ण १४०० खाल्लंत तर तूट शून्य. महिनाभर मन मारायचं, इमानदारीत नोंदी करायच्या आणि काटा जागचा हलणार नाही. मग "माझी चयापचयाची गतीच कमी आहे" इथून सुरुवात होते आणि गाडी थायरॉइडच्या तपासणीपर्यंत जाते.

"फळांनी कोणी जाड होत नाही" हे निम्मं खरं आहे. नुसत्या फळांनी सहसा कोणी होत नाही, कारण तेवढी पोटात मावत नाहीत. पण इथे प्रश्न जाड होण्याचा नाहीच, तूट राहते की नाही याचा आहे.

दुसरं म्हणजे माणूस केवढा हेही बघायला हवं. सहा फुटी, अंगमेहनत करणाऱ्या माणसाचा कोटा २४०० असेल तर त्याने ४०० ची फळं धरली काय आणि सोडली काय, त्याचं निभावून जाईल. १४०० वाल्या बाईच्या कोट्यात तीच फळं जवळजवळ ३० टक्के जागा घेतात. "मी तर कधीच धरत नाही, तरी उतरलं" असं सांगणाऱ्याला आधी त्याची उंची विचारा.

भाज्यांचं मात्र वेगळं. १०० ग्रॅमला काकडी १५, टोमॅटो १८, पालक २३, फ्लॉवर आणि कोबी २५च्या आसपास. अर्धा किलो हादडल्या तरी शंभरच्या घरात. त्या मी एकेक मोजत नाही. सकाळीच "भाज्या: १००" अशी एक नोंद टाकतो आणि दिवसभर त्या बाजूला बघत नाही. बटाटा (७७), मटार (८१), मका आणि रताळं (दोन्ही ८६) या सवलतीत बसत नाहीत, ते मोजतो.

निवांत

सरसकट १०० हे काय असतं? धरायचं तर नीट धरा, नाहीतर सोडा.

गणिती_किडा

@निवांत, नीट म्हणजे किती नीट? पालकाच्या दोन जुड्या कधी सारख्या नसतात. पाकीटबंद खाण्यावरचा छापील आकडासुद्धा अमेरिकी नियमांप्रमाणे २० टक्के कमी दाखवलेला असला तरी चालवून घेतात. आणि मुळात हे आकडे येतात कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ॲटवॉटर नावाच्या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅमला ४, चरबी ९ असे सरासरी गुणक बसवले, तेच आजही वापरात आहेत. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांत फळांतल्या कर्बोदकांना ४ ऐवजी ३.६ धरतात, तंतूंना बऱ्याच ठिकाणी २. एकाच केळ्याला दोन ॲपमध्ये दोन आकडे दिसतात त्याचं हे एक कारण. पायाच सरासरीचा असेल तर काकडीचा दशांश कशाला शोधायचा?

शेवंती

मी उलट बाजूने बोलते. सगळं मोजायला लागले आणि आधी काय सुटलं असेल तर फळं. केळं १०५ आणि दोन बिस्किटंही १०५, मग मनात येतं, बिस्किटंच खाऊ या की! आकडा सारखा दिसला की जीभ तिच्या बाजूने निकाल देते. आता फळांची नोंद बंद केली आहे. चार वाजता भूक लागली की फळ, त्याला परवानगी लागत नाही. बिस्किटांना लागते.

कोरा_कागद

@शेवंती, अगदी अगदी! संत्रं सोलता सोलता हिशोब करून ते परत ठेवलंय मी. हे काहीतरी चुकतंय असं तेव्हाही वाटलं होतं.

@गणिती_किडा, तूट-फळं बरोबरीत सुटतात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. धक्काच आहे. पण मग बहीण जिंकली म्हणायची का?

तराजू

थांबा, बहिणीला हार घालू नका अजून. १४०० मधून १८१ उरल्या, म्हणजे १२१९ गेल्या. फळं ४०९, भाज्या ९०. उरलेल्या ७२० मध्ये काय होतं ते बाईंनी सांगितलेलंच नाही.

कोरा_कागद

नोंद उघडून बघितली. ब्रेडचे दोन स्लाइस लोण्यासह २५५, दोन वेळा दूध-साखरेची कॉफी १२०, दोन बिस्किटं १०५, आणि दुपारच्या सॅलडवरचं ड्रेसिंग, दोन मोठे चमचे तेल, २४०.

तराजू

वाटलंच! बाई, हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

वजनात मांडून बघा. दोन केळी, एक सफरचंद आणि द्राक्षं मिळून साडेपाचशे ग्रॅमच्या वर खाणं झालं, त्याच्या ४०९ कॅलरी. दोन चमचे तेल म्हणजे २७ ग्रॅम, त्याच्या २४०. त्या सॅलडमध्ये समजा १०० ग्रॅम काकडी, १०० ग्रॅम टोमॅटो, वर मूठभर लेट्यूस असेल तर अख्ख्या वाडग्याच्या भाज्या ४० कॅलरींत आटोपतात. वरून ओतलेलं तेल त्यांच्या सहापट. आणि आपण वाद घालतोय काकडी मोजावी का यावर.

माझा नियम एवढाच: भाजी मोजत नाही, भाजीला लागलेलं तेल मोजतो. बाटली काट्यावर ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, तेल घालायचं, बाटली परत ठेवायची. उणे जेवढे ग्रॅम दिसतील त्याला ९ ने गुणायचं. चमच्याचा अंदाज घेऊ नका, चमचा नेहमी आपल्या सोयीने भरतो. त्यात वांगं असेल तर विचारूच नका. कच्चं वांगं १०० ग्रॅमला २५ कॅलरी, पण आत सगळा स्पंज. कढईत टाकलं की आधी सगळं तेल पिऊन बसतं, मग आपण "चिकटतंय" म्हणून आणखी घालतो. नोंदीत मात्र बिचारं "वांगं, २५".

सावळा_गोंधळ

वांग्याचं तेल वांग्यावर निघालं म्हणायचं.

माझी शंका गंभीर आहे. सेलरी खाल्ली की पचवायलाच जास्त कॅलरी जातात, म्हणजे खाऊन उलट वजन कमी होतं, हे खरं का? असेल तर मी उद्यापासून गुरासारखा चरायला तयार आहे.

गणिती_किडा

नाही. मिश्र आहार पचवायला त्यातल्या ऊर्जेच्या दहाएक टक्के खर्ची पडतात. सेलरीत १०० ग्रॅमला १५च्या आसपासच कॅलरी असल्याने हिशोब शून्याच्या जवळ जातो, पण खाली जात नाही. हे कोणीतरी दाढीवाल्या सरड्यांना सेलरी खायला घालूनसुद्धा तपासलंय. सरड्यांच्याही पदरात थोडं पडलंच.

सावळा_गोंधळ

सरड्यांचं वजन कोण कमी करत होतं पण?

मधली_सुट्टी

गंमत बाजूला. मला हे "भाज्या सोडून द्या" पटत नाही. रोज फक्त ५० कॅलरी निसटल्या तरी वर्षाच्या १८,२५०. एक किलो चरबी म्हणजे ७७०० धरा. वर्षाला जवळजवळ अडीच किलो, दहा वर्षांत पंचवीस! थेंबे थेंबे तळे साचे.

गणिती_किडा

हा भागाकार सगळीकडे फिरतो आणि भीती घालायला बरा आहे, पण शरीर असं सरळ रेषेत वाढत नाही. वजन वाढलं की ते वागवायला रोजचा खर्चही वाढतो आणि एका टप्प्यावर जमा-खर्च पुन्हा जुळतो. केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात यावर ठोकताळा दिला होता: रोजच्या खाण्यात कायमचा २४ कॅलरींचा फरक पडला तर वजनात शेवटी एक किलोचा फरक पडतो, त्यातला निम्मा साधारण वर्षभरात. म्हणजे तुमच्या ५० कॅलरींचे शेवटी दोनेक किलो होतील आणि तिथेच थांबतील. दहा वर्षांत पंचवीस नाहीत.

शिवाय आज ५० निसटल्या हे उद्या काट्यावर दिसतसुद्धा नाही. मीठ, पाणी, पोट साफ झालं की नाही, यानेच दिवसाला किलोभर इकडचं तिकडे होतं.

आहारवाली

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून लांबण लावते. माफी असावी.

हा प्रश्न जुनाच आहे आणि त्याची उत्तरंही जुनीच. अमेरिकेत १९५० मध्ये मधुमेहींसाठी अदलाबदलीच्या याद्या निघाल्या, म्हणजे एका यादीतला कुठलाही पदार्थ दुसऱ्याच्या ऐवजी खाता येतो. सुधारत सुधारत आज त्यात असं आहे: एक फळवाटा म्हणजे १५ ग्रॅम कर्बोदकं, ६० कॅलरी. पिष्टमय नसलेल्या भाजीचा एक वाटा, म्हणजे अर्धा कप शिजवलेली किंवा एक कप कच्ची, २५ कॅलरी. बटाटा, मका, मटार मात्र भाज्यांत न घालता ब्रेड-भाताच्या रांगेत बसवलेत. फळ मोजा, पालेभाजी मोकळी सोडा, बटाटा भाजी समजू नका, ही विभागणी तेव्हापासूनचीच आहे.

वेट वॉचर्स या वजन उतरवायला मदत करणाऱ्या कंपनीचं उदाहरण जास्त बोलकं आहे. त्यांच्या जुन्या गुणपद्धतीत फळाला गुण पडायचे. २०१० मध्ये त्यांनी फळं आणि बहुतेक भाज्या शून्यावर आणल्या. कारण शेवंतीताईंनी सांगितलं तेच: सारखेच गुण असतील तर माणूस केळं सोडून बिस्किटाकडे वळतो. २०१७ च्या शेवटी ती शून्याची यादी आणखी वाढवून त्यात अंडी, मासे, कडधान्यं, चिकनचा बिनचरबीचा भाग घातला, आणि त्याच वेळी रोजचा किमान कोटा ३० गुणांवरून २३ वर आणला. लक्षात आलं ना? शून्य म्हणजे फुकट नव्हे, त्याचे पैसे आधीच कापून घेतलेले. आणि तेच फळ मिक्सरमध्ये फिरवून प्यायलात तर गुण मोजायचे असा नियमही होता.

तेव्हा फळं न धरता चालायचं असेल तर अवश्य चाला, पण ॲपने दिलेला कोटा तसाच ठेवून नाही. तो आकडा "तोंडात जाईल ते सगळं" असं गृहीत धरून काढलेला असतो. रोज दोन फळं खाणार असाल तर १६०-२०० आधीच वजा करा, उरलेल्या १२०० मध्ये बाकीचं बसवा आणि मग फळाची नोंद करू नका. हिशोब तोच, फक्त संत्रं सोलताना डोक्यात आकडे येत नाहीत.

आता बाईंच्या कालच्या दिवसाबद्दल. मला त्यात फळं खटकली नाहीत. खटकलं ते हे की १२१९ कॅलरींत प्रथिनं जवळजवळ नाहीतच. ब्रेड, लोणी, तेल, साखर, फळं. अंडं नाही, डाळ नाही, दही नाही, पनीर नाही, मासा नाही. रात्री भूक कडाडून लागणारच. एक केळं आणि द्राक्षं कमी केलीत, ड्रेसिंग एका चमच्यावर आणलंत, की ३०० च्या वर मोकळ्या होतात. आधीच्या १८१ धरून रात्रीच्या जेवणाला पाचशे मिळाल्या. त्यातला मोठा हिस्सा प्रथिनांना द्या. आणि तरीही भूक भागत नसेल तर १४०० चं १५०० करा. उतरायला थोडा जास्त वेळ लागेल, आभाळ कोसळत नाही.

अपवाद: इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेहींनी फळं मोजलीच पाहिजेत, कॅलरींसाठी नाही तर कर्बोदकांसाठी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियममुळे "फळं-भाज्या हव्या तेवढ्या" हा सल्ला घातक ठरू शकतो. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवण्याचं औषध) घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचं प्रमाण एकदम वाढवू किंवा घटवू नये. आपापल्या डॉक्टरांना विचारा, धाग्याला नको.

निवांत

@आहारवाली, प्रतिसाद आवडला. पण एक सांगा, भाज्या-फळं भरपूर खाल्ली की आपोआप दुसरं खाणं कमी होतंच ना? पोटात जागा किती असते? मग मोजायचं कशाला?

आहारवाली

काहींचं होतं, "आपोआप" वर भरवसा मात्र ठेवू नका. लोकांना नुसतं "फळं-भाज्या वाढवा" सांगितलं, बाकी काही कमी करा असं सांगितलं नाही, अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वजनावर दखल घेण्याजोगा परिणाम दिसला नाही. वाढलंही नाही, उतरलंही नाही.

दुसरीकडे २०१५ चा एक मोठा अमेरिकी अभ्यास आहे, १ लाख ३३ हजारांवर माणसं, दोन तपं पाठपुरावा. रोजच्या खाण्यात फळाचा एक वाटा वाढवलेल्यांचं वजन चार वर्षांत सरासरी पाव किलोने कमी भरलं, भाजीचं त्याच्या निम्मं. बटाटा, मका, मटार वाढवणाऱ्यांचं मात्र वाढलेलं दिसलं. तो निरीक्षणाचा अभ्यास आहे, फळं खाणारे इतरही बऱ्याच गोष्टी वेगळ्या करत असतात, तेव्हा कार्यकारण त्यातून ठामपणे निघत नाही. आणि आकडा बघा, चार वर्षांत पाव किलो. फळं ही काही वजन उतरवण्याची गोळी नाही.

जागा होते ती दुसरं काही ताटातून काढलं तर. केळं बिस्किटांच्या *ऐवजी* खाल्लं तर उपयोग, बिस्किटांच्या *नंतर* खाल्लं तर ते फक्त आणखी एक केळं.

आडवाटेचा_पांथस्थ

बटाट्याची जी बदनामी चालली आहे तिच्यावर मला बोलायचंय. १९९५ मध्ये सिडनीत सुझाना होल्ट आणि मंडळींनी ३८ पदार्थ घेतले, प्रत्येकाचा २४० कॅलरींचा वाटा लोकांना दिला आणि पुढचे दोन तास भूक किती भागली ते विचारलं. पांढरा ब्रेड १०० धरला तर उकडलेला बटाटा ३२३, सगळ्यांत वर. क्रॉसाँ ४७, सगळ्यांत खाली. फळांत संत्रं २०२, सफरचंद १९७, द्राक्षं १६२, केळं ११८.

उकडलेला बटाटा १०० ग्रॅमला ८७ कॅलरी. त्याच्याच तळलेल्या काड्या ३००च्या वर, पाकिटातले वेफर ५०० च्याही वर. गुन्हा कोणाचा आणि नाव कोणाचं! वरच्या अभ्यासात बटाटा म्हणून जे खाल्लं गेलं ते काय अवस्थेत होतं, हा माझा भाबडा प्रश्न.

तराजू

शेवटी तेलावरच आलात. या, बसा.

आहारवाली

@आडवाटेचा_पांथस्थ, मुद्दा रास्त. फक्त होल्ट यांच्या प्रयोगात दोन तासच पाहिलं होतं, दिवसभराचं नाही. तरी उकडलेला बटाटा मीही कोणाचा काढून घेत नाही. मोजायला सांगते एवढंच.

शेवंती

मग ज्यूस? ताजा, घरी काढलेला, साखर न घातलेला. तोही फळच ना?

आहारवाली

नाही. इथे मी अजिबात ऐकणार नाही.

१९७७ मध्ये ब्रिटनमध्ये एक साधा, सुरेख प्रयोग झाला. सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, गर करून, आणि रस काढून. कर्बोदकं तिन्हींत सारखी. अख्खं खायला जेवढा वेळ लागला त्याच्या अकराव्या हिश्श्यात रस पिऊन झाला. पोट सगळ्यांत जास्त भरलं अख्ख्या फळाने, मग गराने, सगळ्यांत कमी रसाने. रसानंतर इन्शुलिनही जास्त वर गेलं आणि मागोमाग साखर जास्त खाली आली. फळ तेच, फक्त चावायचं काम आणि चोथा काढून घेतला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही फळांचा रस आणि मध साखरेच्याच बाजूला धरलेत, दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा म्हणून. अख्ख्या ताज्या फळातली साखर त्या मर्यादेत मोजलेली नाही. उलट बटाटा वगैरे कंद सोडून रोज ४०० ग्रॅम फळं-भाज्या खाव्यात असं तीच संघटना सांगते. त्यामुळे "फळात फ्रुक्टोज असतं हो" म्हणून सफरचंदाला घाबरणाऱ्यांनी आधी आपल्या पेल्यात बघावं.

सुक्या मेव्याचंही तेच, फक्त उलट्या दिशेने. द्राक्षं १०० ग्रॅमला ६९, बेदाणे २९९. पाणी गेलं, साखर राहिली. दीडशे ग्रॅम द्राक्षं खायला वेळ लागतो. तेवढ्याच कॅलरींचे बेदाणे ३५ ग्रॅम, ते फोनवर बोलता बोलता संपतात. खजूर, बेदाणे, अंजीर मोजूनच. अवोकाडोही (१६०), ते फळ असलं तरी त्याची ऊर्जा चरबीतून येते. कलिंगड ३० चं, त्यात भिण्यासारखं काही नाही. अर्धा किलो खाल्लंत तरी १५०.

धुकं

इथे फारसं लिहीत नाही, पण एक बाजू कोणी मांडली नाही म्हणून.

काही वर्षांपूर्वी मला खाण्याशी संबंधित आजार होता. उपचार करणाऱ्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे फोनमधून नोंदीचं ॲप काढायला लावलं. माझ्यासारख्यांसाठी "फळं धरायची का" हा प्रश्नच चुकीच्या खोलीत उभा आहे. काकडी खाऊन अपराधी वाटत असेल, कोणाकडे जेवायला जायचं टाळलं जात असेल, कारण तिथे वजनकाटा नसतो, तर कोणत्या भाज्या सोडायच्या यावर खल करण्यापेक्षा मोजणंच थांबवून मदत घ्यावी. बाईंना असं काही आहे असं म्हणत नाहीये. पण वाचणारे बरेच असतात.

कोरा_कागद

@धुकं, मनापासून आभार. संत्रं परत ठेवल्याचं लिहिलं तेव्हा मी हसून लिहिलं होतं. तुमचा प्रतिसाद वाचून जरा थांबले. लक्ष ठेवीन.

निवांत

@धुकं, हे लिहिलंत ते बरं केलंत.

मधली_सुट्टी

माझाही पवित्रा थोडा सैल करतो. पण सैल सोडायचं तर काट्याकडे तरी बघायला हवं. सरसकट १०० धरा किंवा शून्य धरा, दर आठवड्याची सरासरी खाली येत असेल तर तुमची पद्धत बरोबर. तीन-चार आठवडे हललीच नाही तर पद्धत बदला. मग आधी मोजायला काय घ्यायचं?

तराजू

तेल.

गणिती_किडा

तेल, मग पेयं, मग सुका मेवा आणि दाणे, मग फळं. काकडी सगळ्यांत शेवटी, आणि तिथपर्यंत पोचायची वेळ येत नाही. १९९२ चा एक गाजलेला अभ्यास आहे. "आम्ही १२०० पेक्षा कमी खातो, तरी उतरत नाही" म्हणणाऱ्या लोकांचं खाणं खरोखर मोजलं, तर सांगितलेल्यापेक्षा प्रत्यक्ष खाणं जवळजवळ दुप्पट निघालं. चयापचय मात्र ठणठणीत. ते लोक खोटं बोलत होते असं नाही, माणसाला आपण खाल्लेलं खरंच आठवत नाही. आणि एवढी मोठी फट काकडीने पडत नसते.

सावळा_गोंधळ

माझ्या नोंदीत काल "चव बघितली" असं चार वेळा आहे. कॅलरी रिकाम्या.

कोरा_कागद

बराच उजेड पडला. सध्या असं करतेय: कोटा १५००. त्यातून फळांचे २०० आणि भाज्यांचे १०० सकाळीच वजा. दोन फळं, हवी ती, नोंद नाही. पालेभाज्या, काकडी, टोमॅटो, फ्लॉवर, कोबी काट्यावर येणार नाहीत. बटाटा-मटार-मका येतील, तेल तर येणारच. बेदाण्यांची बरणी वरच्या फडताळात गेली आहे. रात्री अंडी किंवा पनीर. नवऱ्याला सांगितलं, काकडीचा खटला तू जिंकलास, केळ्यांचा हरलास. त्याने फक्त पहिलं वाक्य ऐकलं.

एक शेवटची शंका. भाज्यांचं मोठं भांडंभर सूप करून ते दोन दिवस पुरवते. त्यात एक बटाटा, मूठभर मटार आणि तेल असतं. मोजायचं कसं? आणि पालक कच्चा मोजायचा की शिजवलेला?

तराजू

भांडं रिकामं असतानाच वजन करून ठेवा, झाकणावर पेन्सिलने लिहून ठेवलंत तरी चालेल. बटाटा, मटार आणि तेल कच्चे असतानाच तोला आणि त्यांच्याच कॅलरींची बेरीज करा, बाकीच्या भाज्या सोडा, त्या तुमच्या शंभरात आल्या. सूप झालं की भांड्यासकट वजन, त्यातून भांडं वजा. समजा सूप १६०० ग्रॅम भरलं आणि बेरीज ३२० झाली, तर १०० ग्रॅमला २०. वाडग्यात ३०० घेतलंत तर ६०.

पालक मोजायचाच असेल तर कच्चा मोजा आणि ॲपमध्येही "कच्चा" हीच नोंद निवडा. शिजून जुडीची मूठभर होते, तेव्हा मूठभर शिजलेल्याला कच्च्याचा आकडा लावला की गणित कोलमडतं. पण तुम्ही पालक मोजणार नव्हतात ना?

कोरा_कागद

नाही नाही, सवयीने विचारलं. भांड्याचं वजन ९४० ग्रॅम, लिहून ठेवलं.